हॉल रायफल, मॉडेल १८१९: कल्पना पक्की, सांधा कच्चा

अमेरिकन सैन्याने रीतसर स्वीकारलेली, मागून भरायची पहिली रायफल म्हणजे हॉलची मॉडेल १८१९. तिच्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक पक्ष तिला काळाच्या फार पुढची म्हणतो, दुसरा तिला वायू गळणारी फसलेली वस्तू ठरवतो. दोन्ही पक्ष अर्धीच बंदूक बघतात. भरण्याची सोय, माऱ्याचा वेग आणि कारखान्यातली बनावट या तीन बाबतींत ती तिच्या काळातल्या लष्करी बंदुकांना भारी होती. ती कमी पडली ती एकाच जागी: ठोकळा आणि नळी जिथे एकमेकांना भेटतात, त्या सांध्यावर. पुढच्या पन्नासेक वर्षांत अमेरिकेत मागून भरायची जी जी लष्करी बंदूक आली, तिची कसोटी याच सांध्यावर लागली. म्हणून परीक्षण हॉलचं असलं, तरी शार्प्स, बर्नसाइड आणि स्प्रिंगफील्ड या नंतरच्या बंदुकांच्या शेजारी ठेवूनच ती तपासायला हवी.

रचना

जॉन हॅन्कॉक हॉल हा पोर्टलँड, मेनचा लाकूडकाम करणारा कारागीर. त्याचं पेटंट २१ मे १८११ चं. त्यावर त्याच्यासोबत विल्यम थॉर्नटनचंही नाव आहे, कारण पेटंट खात्याचा प्रमुख असलेल्या थॉर्नटनने ही कल्पना आपल्यालाही सुचली होती असा दावा केला आणि संयुक्त नावाशिवाय काम पुढे सरकू दिलं नाही. लष्कराशी करार व्हायला १८१९ उजाडलं. हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारात १००० रायफली बनवायच्या, हॉलला महिना ६० डॉलर पगार आणि प्रत्येक रायफलीमागे १ डॉलर, असा तो करार होता.

रायफल साधारण ५२.७५ इंच लांब, वजन १० पौंडांच्या थोडं वर, नळी ३२ इंचांहून किंचित मोठी, व्यास ०.५२ इंच, आत १६ पेचदार खाचा. नळी दस्त्याला तीन कड्यांनी बांधलेली. इथपर्यंत काहीच नवीन नाही. नवीन आहे तो नळीच्या मागचा लोखंडी ठोकळा. दारू आणि गोळी ठेवायची कोठी या ठोकळ्यातच कोरलेली आहे. ठोकळा मागच्या टोकाला आडव्या मळसूत्रावर फिरतो आणि पुढचं तोंड वर उचललं जातं. चापाच्या कड्यापुढे, दस्त्याच्या खालून, एक खटका बाहेर डोकावतो. तो दाबला की कमानीची पकड सुटते आणि ठोकळ्याचं तोंड दस्त्यातून वर येतं. घोडा, चकमकीचा पोलादी पत्रा, रंजकाची (ठिणगीने पेटणाऱ्या बारीक दारूची) वाटी, चाप, त्यांच्या कमानी, सगळं याच ठोकळ्यावर बसवलेलं. म्हणजे बंदुकीचा अख्खा जीव त्या एका तुकड्यात आहे. मागचं मळसूत्र काढलं की तो तुकडा जसाच्या तसा हातात येतो.

गोळी उडताना मागे बसणारा धक्का त्या मळसूत्राने सोसायचा नाही, हे हॉलने नीट ओळखलं होतं. ठोकळ्याच्या बाजूंना खांदे आहेत आणि ते चौकटीतल्या पोलादी आधारांवर टेकतात. धक्का तिथे जातो. मळसूत्र फक्त बिजागरीचं काम करतं. जुनी हॉल तपासताना मळसूत्र वाकलेलं दिसलं, तर ते खांदे झिजले आहेत असं समजावं. मळसूत्र बदलून तो दोष जात नाही.

बार भरण्याची पद्धत

घोडा अर्ध्या चापावर घ्यायचा. खटका दाबायचा, ठोकळ्याचं तोंड वर येतं. दारूच्या कुपीतून किंवा कागदी काडतूस फाडून दारू थेट कोठीत ओतायची. वर गोळी ठेवून अंगठ्याने दाबायची. ठोकळा खाली ढकलायचा, खटका अडकल्याचा आवाज यायला हवा. मग वाटीत रंजक टाकायचं, पत्रा खाली घ्यायचा, घोडा पूर्ण चढवायचा. नळीत बार ठासायचा गज हातात घ्यायची वेळच येत नाही.

हे किती मोठं आहे हे कळायला ठासणीची रायफल आठवावी. पेचदार खाचांत गोळी घट्ट बसली तरच ती गरगरत जाते आणि नेम साधतो. पण तोंडाकडून भरताना तीच घट्ट गोळी चिंधीत गुंडाळून गजाने नळीभर ठासत न्यावी लागते. दहा-बारा बारांनंतर नळीत काजळीचा थर चढतो आणि गज पुढे जाईना होतो. सैन्याने साध्या गुळगुळीत नळीची मस्केट इतकी वर्षं जवळ केली ती याच कारणाने: नेम वाईट, पण भरायला झटपट. हॉलने हा पेचच सोडवला. गोळी खाचांच्या मापाची, पण ती मागच्या कोठीत सहज बसते, आणि दारू पेटल्यावर स्वतःच खाचांत शिरते. ठासण्याचं काम दारू करते, माणूस नाही.

यातून आणखी काही फायदे आपसूक मिळतात, आणि त्यांची दखल फार कमी घेतली जाते. झोपून किंवा झाडाच्या आडोशाला बसून भरता येतं, गज ओढायला उभं राहावं लागत नाही. घोड्यावर बसून भरता येतं. कोठीत एकाच बाराची जागा असल्यामुळे गोंधळात दुसरा बार वर ठासला जात नाही. ही शेवटची गोष्ट किरकोळ नव्हे. अमेरिकन यादवी युद्धात, १८६३ मध्ये, गेटिसबर्गच्या रणभूमीवरून उचललेल्या ठासणीच्या हजारो बंदुकांत एकावर एक दोन-दोन बार सापडले होते. शिवाय न उडालेला बार काढायला हॉलमध्ये ठोकळा उचलून उलटा केला की झालं. आणि ठोकळा बाजूला केल्यावर नळी आरपार दिसते, त्यामुळे पुसायला सोपी.

मैदानातली कामगिरी

फोर्ट्रेस मनरो या लष्करी किल्ल्यात झालेल्या चाचणीचे आकडे या रायफलीबद्दल सगळ्यात बोलके आहेत. ३८ जणांच्या तुकडीने १०० यार्डांवरच्या लक्ष्यावर दहा मिनिटं, आपापल्या वेगाने गोळ्या झाडल्या. हॉल रायफलीने १,१९८ गोळ्या, ४३० लागल्या. मस्केटने ८४५ गोळ्या, २०८ लागल्या. ठासणीच्या रायफलीने ४९४ गोळ्या, १६४ लागल्या.

टक्केवारी बघितली तर हॉल ३६, ठासणीची रायफल ३३, मस्केट २५. यावरून बरेच जण म्हणतात की नेमात हॉल आणि साधी रायफल यांच्यात फारसा फरक नाही. बरोबर आहे, पण सेनापतीला टक्केवारीशी काय करायचं? त्याला दहा मिनिटांत समोरच्या रांगेत किती गोळ्या बसतात ते हवं असतं. दरमाणशी हिशेब केला तर हॉलच्या सुमारे ११ गोळ्या लागल्या, मस्केटच्या साडेपाचच्या आसपास, रायफलीच्या चारच्या थोड्या वर. म्हणजे मस्केटच्या दुप्पट आणि ठासणीच्या रायफलीच्या अडीचपटीहून जास्त. या एका हिशेबावर हॉलची निवड योग्य ठरते.

वेगाबद्दल मात्र एक सावधगिरी. मिनिटाला आठ-नऊ बार असे आकडे हॉलच्या नावावर फिरतात. वरच्या चाचणीत पूर्ण तुकडीची सरासरी मिनिटाला तीनच्या जरा वर येते. एकट्या सराईत माणसाचा वेग आणि नेम धरून दहा मिनिटं सलग झाडणाऱ्या कंपनीचा वेग यांत एवढा फरक पडतोच. तुलना करताना तुकडीचाच आकडा धरावा.

सांधा

आता दोषाकडे. ठोकळा वर-खाली व्हायचा, तर त्याचं तोंड आणि नळीचं मागचं टोक यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते. फट शून्य केली तर दोन-चार बारांनंतर काजळीने ठोकळा जाम होतो. फट ठेवली तर प्रत्येक बाराला जळता वायू तिथून निसटतो. हॉलने भर दिला तो काटेकोर घडणीवर. दोन लोखंडी तोंडं समोरासमोर, मध्ये काही नाही. वायू अडवणारं कडं, गादी, वाटी, असं काहीच त्याने बसवलं नाही, आणि लष्करानेही त्यासाठी नेटाने प्रयत्न केले नाहीत. या रायफलीवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच आहे.

नव्या कोऱ्या रायफलीत हा दोष सुसह्य असतो. पण निसटणारा वायू गरम आणि वेगवान असतो, तो फटीच्या कडा खातो. कडा झिजल्या की फट वाढते, फट वाढली की वायू अधिक सुटतो. तो तीन दिशांनी जातो. वर गेलेला डोळ्यांपुढे भपका उडवतो, त्यामुळे नवखा सैनिक चाप ओढताना मान फिरवतो आणि नेम चुकतो. बाजूला गेलेला शेजारच्याला त्रास देतो. खाली गेलेला चौकटीत आणि दस्त्याच्या लाकडात शिरतो, आणि हा सगळ्यात वाईट. दस्ता आधीच ठोकळ्यासाठी आरपार कोरलेला असतो, दोन्ही बाजूंना लाकडाच्या पातळ भिंती उरलेल्या असतात. त्या आतून फुगून तडकतात.

ताकदही घटते. हॉलच्या गोळीची भेदकता ठासणीच्या बंदुकांच्या सुमारे एक तृतीयांश भरली. हॉलच्या कार्बाइनचा, म्हणजे घोडेस्वाराच्या आखूड बंदुकीचा, मुकाबला जेंक्सच्या मागून भरायच्या कार्बाइनशी झाला तेव्हा दोन्हींत ७० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) दारू होती आणि नळ्याही जवळपास सारख्या, तरी हॉलच्या गोळीचा वेग पाव भागाने कमी निघाला. जेंक्सचा सांधा तोंड आवळून बंद होत होता, हॉलचा नव्हता, एवढाच काय तो फरक. उपाय म्हणून दारू वाढवली तर गळती वाढते आणि दस्ता आणखी लवकर तडकतो.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, कारण ती हॉलच्या सगळ्यात मोठ्या गुणाशी बांधलेली आहे. हाताने घडवणारा कारागीर एक ठोकळा एका नळीला कानशीने घासून घासून चपखल बसवू शकतो. हॉलला तसं करायचंच नव्हतं. त्याला कुठलाही ठोकळा कुठल्याही चौकटीत बसायला हवा होता. म्हणजे सगळ्यात मोठा ठोकळा सगळ्यात आखूड चौकटीतही मोकळा फिरला पाहिजे, आणि मग उलट जोडीत, लहान ठोकळा आणि लांब चौकट असताना, फट वाढणारच. त्या काळच्या यंत्रांच्या अचूकतेत दोन्ही गोष्टी एकदम मिळण्यासारख्या नव्हत्या. सुटे भाग अदलाबदल करता येणं आणि फट नसणं, यांपैकी त्याने पहिली निवडली.

बाकीचे दोष

घोडा मधोमध असल्यामुळे नळीच्या सरळ रेषेत नजर जात नाही, म्हणून मागची खाच आणि पुढची माशी दोन्ही डावीकडे सरकवलेल्या आहेत. सवयीने जमतं, पण दुसऱ्या बंदुकीवर शिकलेल्या सैनिकाला सुरुवातीला गोंधळात टाकतं. सुटी दारू ओतताना दाणे ठोकळ्याच्या कडेने खाली चौकटीत पडतात, साचतात, आणि ठोकळा पूर्ण खाली बसू देत नाहीत. खटका अर्धवट अडकला असताना चाप ओढला तर ठोकळा उसळण्याचा धोका राहतो. म्हणून प्रत्येक वेळी खटका बोटाने चाचपणं आणि ठरावीक बारांनंतर ठोकळ्याखालची जागा चिंधीने साफ करणं याला पर्याय नाही.

कार्बाइनच्या इतिहासात तर या खटक्याचीच कहाणी दिसते. १८३३ ची कार्बाइन नव्याने उभारलेल्या ड्रॅगून घोडदळासाठी, मिडलटाऊन, कनेक्टिकटच्या सिमियन नॉर्थने बनवली. चकमक जाऊन तांब्याची टोपी (घोड्याच्या ठोक्याने पेटणारी) आलेली ही अमेरिकन सैन्याची पहिली बंदूक, आणि त्या दृष्टीने फार महत्त्वाची. नळी गुळगुळीत, आणि नळीखालच्या गजाचीच संगीन केलेली. पण ठोकळा उघडायचा खटका दस्त्याखालीच होता. १८४० मध्ये त्याला कोपरासारखा वाकडा आणि मग माशाच्या शेपटीसारखा पसरट आकार देऊन पाहिला. शेवटी १८४३ च्या नमुन्यात तो खालून काढून उजव्या बाजूला लांब दांड्याच्या रूपात आणला. घोडेस्वाराच्या हाताला हा दांडा सर्वांत सोयीचा. हॉलच्या सगळ्या नमुन्यांत वापरायला एकच निवडायचा असेल तर १८४३ चा निवडावा. फट मात्र त्यातही तशीच आहे.

याच १८४३ च्या नमुन्याच्या ५,००० कार्बाइन १८६१ मध्ये लष्कराने नगाला ३.५० डॉलरने विकून टाकल्या आणि नळ्यांत खाचा पाडून त्याच सरकारला २२ डॉलरने परत विकल्या गेल्या. व्यवहाराला पैसा पुरवणाऱ्यांत पुढे बडा बँकर झालेला तरुण जे. पी. मॉर्गन होता, आणि त्यावर संसदेची चौकशी बसली. वस्तूची किंमत तिच्या गुणावर नाही, गरजेच्या घडीवर ठरते, हे त्या यादवीच्या पहिल्या वर्षात पुरतं दिसून आलं.

बनावट: पैकीच्या पैकी गुण

हार्पर्स फेरीला शेनान्डोआ नदीकाठी हॉलला वेगळा कारखाना दिला होता. पहिल्या हजार रायफली पुऱ्या व्हायला पाच वर्षांहून जास्त लागली, कारण त्याने आधी रायफल बनवणारी यंत्रं बनवली. कापणारी, कोरणारी, घडवणारी, पाण्याच्या जोरावर चालणारी. त्याचा मुख्य नियम मला त्या सगळ्या यंत्रांहून मोलाचा वाटतो. एखाद्या भागावर दहा ठिकाणी काम करायचं असेल तर प्रत्येक ठिकाणचं माप आधीच्या ठिकाणापासून घ्यायचं नाही, सगळी मापं एकाच ठरलेल्या बिंदूपासून घ्यायची. नाहीतर पहिली चूक दुसरीत मिळते, दुसरी तिसरीत, आणि शेवटचा भाग बसत नाही. तपासणीसाठी साठहून अधिक मापसाचे केले होते. कारखान्यात काम करणाऱ्या कोणालाही आज हा नियम साधा वाटेल. त्या काळी तो बंदुकांच्या धंद्यात नवा होता.

१८२६-२७ मध्ये सरकारी तपासनीसांनी शंभर रायफली खोलल्या, भाग मिसळले आणि नव्या दस्त्यांवर पुन्हा जोडल्या. जोडल्या गेल्या. १८३४ पर्यंत नॉर्थच्या कनेक्टिकटमधल्या कारखान्याचे भाग हार्पर्स फेरीच्या रायफलीत बसू लागले. शेकडो मैलांवरच्या दोन कारखान्यांचे भाग एकमेकांत बसणं ही त्या काळात जवळजवळ अशक्य मानलेली गोष्ट होती. सैन्याच्या दृष्टीने याचा अर्थ साधा: मोडलेल्या कमानीसाठी बंदूक कारागिराकडे धाडायची गरज नाही, पेटीतून दुसरी काढून बसवायची. हार्पर्स फेरीला बनलेल्या मॉडेल १८१९ रायफलींची संख्या वीस हजारांच्या जवळ जाते.

शार्प्सशी तुलना

हॉलच्या हाताखाली हार्पर्स फेरीत काम केलेल्या ख्रिश्चन शार्प्सने १२ सप्टेंबर १८४८ ला पेटंट घेतलं. त्याने कोठी पुन्हा नळीत नेली आणि ठोकळा केवळ दार म्हणून ठेवला. चापाचं कडं हेच तरफ. ते खाली ओढलं की ठोकळा उभ्या खोबणीतून खाली सरकतो, काडतूस नळीत मागून घालायचं, कडं मिटायचं. वर येताना ठोकळ्याची धार काडतुसाचं कागदी किंवा तागाचं शेपूट कापते आणि दारू उघडी पडते. दारूच्या सुट्या दाण्यांचा हॉलमधला त्रास यात बराच कमी होतो, पण संपत नाही. कापलेल्या शेपटातले दाणे ठोकळ्याच्या माथ्यावर पडतात आणि ते फुंकून किंवा झटकून टाकले पाहिजेत. टोपीची ठिणगी ठोकळ्यातल्या वळणदार वाटेने दारूपर्यंत जाते. ती वाट काजळीने बुजली की टोपी फुटते पण बार उडत नाही. त्यासाठी ठोकळ्याला साफसफाईचं मळसूत्र आहे, ते काढून वाट पुसावी लागते.

सांध्याबाबत शार्प्सने प्रयत्न केला. ठोकळ्याच्या तोंडात सरकतं कडं बसवलं, आणि वायूचा दाब वाढला की तेच कडं पुढे जाऊन नळीवर दाबलं जातं. वायूच्या जोरानेच वायू अडवायचा, हा विचार उत्तम. कडं स्वच्छ असेल तोवर उत्तम चालतं, काजळीने जागच्या जागी बसलं की पुन्हा हॉलसारखी गळती. पण तरीही गळती हॉलपेक्षा कितीतरी कमी, आणि मुख्य म्हणजे ती दस्त्याच्या लाकडात घुसत नाही. १८५९ च्या नमुन्यात तिरका ठोकळा उभा केला. हायरम बर्डनच्या नेमबाज रेजिमेंटना यादवीत हीच रायफल मिळाली.

हॉलचा नदीकाठचा कारखाना १६ ऑक्टोबर १८५९ च्या रात्री गुलामगिरीविरुद्ध बंड पुकारणाऱ्या जॉन ब्राउनच्या माणसांनी ताब्यात घेतला, आणि त्यांच्या मोहिमेच्या साठ्यात शार्प्सच्या कार्बाइन होत्या. गुरूचा कारखाना घ्यायला आलेल्यांकडे शिष्याचं हत्यार होतं.

बर्नसाइड आणि स्प्रिंगफील्ड

सांध्याचं खरं उत्तर ठोकळ्यात नव्हतंच, काडतुसात होतं. अ‍ॅम्ब्रोज बर्नसाइडच्या १८५६ च्या पेटंटमध्ये काडतूस पितळेचं, शंकूसारखं निमुळतं. ते ठोकळ्यात समोरून घालायचं. ठोकळा मिटला की पितळेचा फुगीर गळा नेमका सांध्यावर येतो आणि दाबाने पसरून फट बुजवतो. कसर राहिलीच तर गळ्यातली चरबी भरून काढते. ठिणगी आत यायला बुडाला बारीक भोक, टोपी वेगळीच. या कार्बाइनमध्ये गळती अगदी कमी. तक्रार उलट दिशेची: उडालेलं पितळ अडकून बसतं. आणि हे चमत्कारिक आकाराचं काडतूस दुसऱ्या कुठल्याच बंदुकीत चालत नाही, ते संपलं की कार्बाइन निरुपयोगी. तरी यादवीत ५० हजारांहून अधिक बनल्या, यावरूनच फट बुजण्याला सैनिक किती मोल देत होते ते दिसतं.

काडतुसाच्या बुडातच स्फोटक आलं तेव्हा प्रश्न पुरता सुटला. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारातल्या अर्स्किन अ‍ॅलिनने १८६५ पासून ठासणीच्या बंदुकांची नळी मागून कापून तिथे वर उघडणारं झाकण बसवलं. हॉलचा ठोकळा मागच्या बिजागरीवर पुढून उघडतो, अ‍ॅलिनचा पुढच्या बिजागरीवर मागून. १८६६ मध्ये ०.५८ च्या नळीत आतून दुसरी नळी डाखून ०.५० केली, आणि १८७३ च्या नमुन्यात ०.४५ व्यास, ४०५ ग्रेनची गोळी, रायफलीला ७० आणि कार्बाइनला ५५ ग्रेन दारू.

इथे गळतीची जागा काढणीच्या त्रासाने घेतली. काडतूस मऊ तांब्याचं. दाबाने ते कोठीच्या भिंतीला चिकटतं, गरम आणि काजळलेल्या कोठीत तर जास्तच, आणि काढणारी नखी तांब्याची कड फाडून मोकळी निघते. चामड्याच्या पट्ट्यातल्या काडतुसांवर हिरवट गंज चढला तर हमखास. रायफलीला नळीखाली गज होता, त्याने ढोसून काढता येई. १८७३ च्या कार्बाइनला गजच नव्हता. पुढे दस्त्याच्या पोकळीत तुकड्यांचा गज दिला आणि काडतुसं पितळेची केली, तेव्हा त्रास मिटला. लिटल बिगहॉर्नला १८७६ मध्ये मूळ अमेरिकन टोळ्यांकडून झालेल्या कस्टरच्या घोडदळाच्या पराभवाचं खापर अनेकदा या अडकणाऱ्या काडतुसांवर फोडतात, पण १९८४-८५ च्या उत्खननात मिळालेल्या काडतुसांपैकी फारच थोड्यांवर खरवडून काढल्याच्या खुणा होत्या. दोष खरा होता, पराभवाचं कारण म्हणून पुरेसा नव्हता.

मूळ हॉल विकत घ्यायची असेल तर

हातात घेतल्यावर पहिलं काम, ठोकळा उचलून कोठीत बार नाही ना ते बघणं. जुन्या बंदुका भरलेल्या सापडतात आणि कोरडी राहिलेली काळी दारू दीडशे वर्षांनीही पेटते.

ठोकळ्याच्या माथ्यावर ठसा असतो: हॉलचं नाव, हार्पर्स फेरी, यू.एस. आणि वर्ष, किंवा नॉर्थचं नाव, मिडलटाऊन आणि वर्ष. चकमकीच्या अनेक रायफली पुढे टोपीवर बदलल्या गेल्या, आणि त्यांतल्या काही आज जास्त भाव यावा म्हणून पुन्हा चकमकीच्या केलेल्या असतात. वाटी आणि पत्रा ठोकळ्यावर जिथे बसतात तिथला रंग बाकी लोखंडाच्या रंगाशी जुळतो का, जोडाचं टाकं दिसतं का, मळसूत्रांची डोकी एकाच जुनेपणाची आहेत का, हे भिंगाखाली पाहावं. भाग अदलाबदल होणारे असल्यामुळे वेगवेगळ्या वर्षांचा ठोकळा आणि चौकट एकत्र आलेली सर्रास दिसते. ती बनावट ठरत नाही, पण मूळ जोडीइतका भाव देऊ नये.

तोंडाकडून नळीत प्रकाश टाकला आणि आत गुळगुळीत दिसलं, म्हणून रायफल घासून टाकलेली आहे असा निष्कर्ष काढू नका. १८१९ च्या नमुन्यात नळीचं तोंड सुमारे दीड इंच खोलीपर्यंत मुद्दाम मोठं केलेलं असतं, खाचा त्याच्या मागून सुरू होतात. ठोकळा उघडून मागून बघा, १६ खाचा तिथे मोजता आल्या पाहिजेत.

मग दस्ता. ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पातळ भिंती, खटक्याभोवतीची जागा आणि चौकटीच्या मागच्या टोकाची जागा, या तीन ठिकाणी तडा नसलेली वापरलेली हॉल दुर्मीळ. केसाएवढी चीर चालेल. सरस भरून रंगवलेली चीर असेल तर विकणाऱ्याने ती आधी सांगितली पाहिजे. ठोकळा मिटून फटीत पातळ मापपट्टी सरकवून डावी-उजवी बाजू सारखी आहे का ते बघा. एका बाजूला जास्त जात असेल तर चौकटीतला एका बाजूचा आधार खाल्लेला आहे. ती संग्रहात ठेवायला हरकत नाही, पण तिच्यातून बार उडवू नये.